पाणी पिणारी गाडी

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इंजिनाचे पोवाडे गायिले, चाकांचे कौतुक केले, दिव्यांची आणि भोंग्यांचीही वर्णने केली. पण सगळ्यांच्या पुढे छाती काढून उभ्या राहणाऱ्या, वारा, धूळ आणि वाटेवरचे किडे मुकाट्याने अंगावर घेणाऱ्या तांब्यापितळेच्या रेडिएटरबद्दल दोन शब्द लिहायला कोणाला फारशी सवड झालेली दिसत नाही. घरातही असेच असते. पंक्तीत स्वयंपाक करणाराची वाहवा होते, पाणी वाढणाराची आठवण फक्त ठसका लागल्यावर होते. रेडिएटरचे नाव निघते तेही असेच, घाटात गाडी उकळू लागल्यावर.

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्याच्या उष्णतेचा थोडाच भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. जुन्या इंजिनांत तर जेमतेम पाव हिस्सा. उरलेली उष्णता काही धुरावाटे जाते आणि काही इंजिनाच्या अंगात साठते. ही साठलेली उष्णता बाहेर काढली नाही, तर तेल पातळ होते, दट्ट्या फुगून नळकांड्यात अडकतो आणि हजारो रुपयांचे इंजिन पाच मिनिटांत भंगार होते. इंजिनाच्या भिंतींतून पाणी खेळवून ती उष्णता काढून घेणे आणि ते पाणी वाऱ्यावर निववून पुन्हा इंजिनाकडे धाडणे, एवढेच रेडिएटरचे काम. ऐकायला किती सोपे! पण हे सोपे काम साधायला मोटारीच्या जन्मानंतर तब्बल १५ वर्षे लागली.

कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले. त्या गाडीत पाणी होते, पण ते निववण्याची सोय नव्हती. पाणी तापायचे, उकळायचे आणि वाफ होऊन उडून जायचे. संपले की पुन्हा भरायचे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेन्झची पत्नी बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन या गाडीतून मॅनहाइमहून फॉर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. सुमारे १०० किलोमीटरची वाट. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती बाईंनी टोपीच्या पिनेने साफ केली, हे सगळेजण सांगतात. पण त्या प्रवासातला खरा त्रास पाण्याचा होता. जिथे ओढा, विहीर, खानावळ दिसेल तिथे थांबायचे आणि गाडीला पाणी पाजायचे. मला तर वाटते, जगातली ही पहिली लांब पल्ल्याची मोटारसफर म्हणजे माहेराला निघालेल्या एका बाईने वाटेत एका तहानलेल्या जनावराची केलेली उठाठेव होती.

या तहानेवर तोडगा काढणारा माणूस विल्हेल्म मायबाख. हा १८४६ साली जन्मला आणि दहाव्या वर्षी पोरका झाला. रॉइटलिंगेनच्या एका धर्मादाय आश्रमाने त्याला आसरा दिला, शिकवले, कारखान्यात घातले. तिथेच त्याची आणि गॉटलिब डाइमलरची गाठ पडली आणि पुढे डाइमलर असेपर्यंत ती सुटली नाही. १९०० साली एमिल येलिनेक नावाच्या, फ्रान्समधल्या नीस शहरी राहणाऱ्या एका धनिकाने डाइमलर कंपनीकडे पूर्वी कधी झाली नाही अशी वेगवान मोटार मागितली. ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला जुन्या पद्धतीने निववायचे तर गाडीने पाण्याचाच केवढा बोजा वाहायचा! मायबाखने चौकोनी तोंडाच्या, सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० नळ्या एकमेकींना डाग देऊन जोडल्या आणि मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी तयार केली. नळ्यांच्या पोटातून वारा वाहायचा आणि नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी उतरायचे. थोडे पाणी, पण वाऱ्याला भिडणारे अंग केवढे तरी मोठे. सगळी युक्ती एवढीच. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत ही गाडी अशी पळाली की बाकीच्या मोटारी एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. येलिनेकने आपल्या मुलीचे नाव गाडीला दिले होते. ते नाव मर्सिडीज.

मुलीच्या नावाची गोष्ट निघाली की आम्हा कोल्हापूरकरांना आणखी एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. त्याच दशकात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी भोगावती नदीवर मोठे धरण बांधायला घेतले आणि त्याच्याजवळ वसवलेल्या गावाला आपल्या मुलीचे, राधाबाई अक्कासाहेबांचे नाव दिले. ते राधानगरी. तिकडे एका श्रीमंताने लेकीचे नाव वेगाला दिले, इकडे एका राजाने लेकीचे नाव पाण्याला दिले. दोन्ही नावे टिकली.

मायबाखचेही आडनाव पुढे मोटारीवर आले. त्याने आणि त्याचा मुलगा कार्ल याने १९०९ साली निराळा कारखाना काढला आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यातून मोठ्या, भारदस्त मोटारी निघू लागल्या. राजाराम महाराजांच्या काळातली तशी एक मोटार कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने जपून ठेवली आहे. आमच्याकडे तिला सगळे 'मेबॅक' म्हणतात. विजयादशमीला दसरा चौकात सोने लुटायला जमलेली माणसे तिची वाट पाहतात. लहान मुले बापाच्या खांद्यावरून तिच्याकडे बोट करतात. पालखीइतकाच मान त्या गाडीला मिळतो. पण तिच्या नाकासमोरची जाळी ज्या कुळातली, त्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे त्या गाडीवर ज्याचे आडनाव आहे तो पोरका मुलगा, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल? रेडिएटरचा इतिहास दरवर्षी आपल्या डोळ्यांदेखत दसऱ्याला येऊन जातो आणि आपण आपट्याची पाने वाटून घरी परततो.

आता या जाळीचे आणि आमच्या राधानगरीचे नाते सांगतो. कोल्हापूरहून राधानगरी, पुढे दाजीपूरचे जंगल आणि तिथून फोंडा घाटाने खाली कोकणात, ही वाट जुनी आहे. कोकणातून वर येणारी गाडी हा घाट चढली की तिची खरी परीक्षा होई. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, उष्णता भरपूर निघते, पण गाडीचा वेग कमी म्हणून समोरून वारा मिळत नाही. अशा वेळी टोपणाच्या भोवताली वाफेचा हुंकार सुरू होतो. घाट संपला की गाडी सावलीत उभी करायची, निवेपर्यंत थांबायचे, मग जाड फडक्याने टोपण हळूहळू सैल करायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नेम. ज्याने घाई केली त्याचा हात भाजलाच. थंड पाणीही इंजिन चालू ठेवून थोडे थोडे ओतायचे. तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर त्याला तडा जातो. आमच्या लहानपणी घाटमाथ्यावर एसटीचा ड्रायव्हर बादली घेऊन ओढ्यावर उतरला की आम्हा पोरांनाही हातपाय मोकळे करायला मिळत. गाडीच्या तहानेत आमची चैन होती.

त्या काळातल्या पुष्कळ लहान मोटारींत पाणी फिरवायला पंपही नसे. पाणी तापले की हलके होऊन आपोआप वर चढते, वरच्या टाकीत येते, जाळीतून उतरताना निवते, जड होते आणि खालच्या बाजूने पुन्हा इंजिनात शिरते. कोणी ढकलायला नको, कोणी ओढायला नको. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी याच तत्त्वावर लक्षावधींनी धावली. मात्र यात एक मेख आहे. वरच्या टाकीतले पाणी वरच्या नळाच्या तोंडाखाली गेले की ही साखळी तुटते आणि टाकीत पाणी दिसत असूनही इंजिन तापू लागते. पाण्याला आपले काम आपण करू द्यायचे, फक्त त्याची वाट अडवायची नाही आणि पातळी मोडायची नाही.

राधानगरीच्या धरणावर सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाणी ठराविक पातळीला आले की ते दरवाजे पाण्याच्याच जोरावर उघडतात आणि पाणी उतरले की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. दर पावसाळ्यात 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी आली की पंचगंगेकाठची माणसे आपापली गुरे आणि सामान हलवायला लागतात. हे धरण शाहू महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. पैशाअभावी काम थांबले, ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, आणि ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडावे लागले. एवढा अवाढव्य तलाव आणि मोटारीच्या नाकावरची ती हातभर जाळी यांची बरोबरी कोणी करणार नाही. पण पाण्याचा स्वभाव ओळखून त्याच्याकडूनच काम करून घ्यायचे, हे शहाणपण दोहोंत एकच आहे.

आता मुख्य प्रश्न. ही विलायती जाळी फुटली तर आमच्याकडे ती दुरुस्त कोणी केली? मोटार बोटीतून आली, तिच्याबरोबर कारागीर आला नाही. तरीही आडगावच्या गाड्या चालत राहिल्या. याचे उत्तर वाचकांना कुठे दूर शोधायला नको. नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्या तांब्याच्या बंबातले कढत पाणी आपण अंगावर घेत आलो, तो बंब आठवा. मधोमध निखाऱ्याची नळी, भोवताली पाणी, वरून नाळक्यात गार पाणी ओतले की तोटीतून तितकेच कढत पाणी बाहेर. बंबात विस्तवाची उष्णता पाण्याला द्यायची आणि रेडिएटरमध्ये पाण्याची उष्णता वाऱ्याला द्यायची. वस्तू उलट, विद्या एकच. तांब्याचा पत्रा ठोकणे, दुमडणे, शिवण घालणे, नवसागर लावून जागा स्वच्छ करणे आणि कथील-शिशाचा डाग देणे, हे सारे आमच्या तांबटांना आणि कल्हईवाल्यांना मोटार जन्मण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून येत होते. मायबाखच्या जाळीला आमच्याकडे पोचल्यावर परके वाटले नसेल. तिचे सोयरे इथे आधीच राहत होते.

शिवाय कोल्हापूर हे मिस्त्रींचे गाव. बाबूराव पेंटरांनी इथेच, विलायती यंत्र पाहून, १९१८ साली स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. पाहिलेली वस्तू खोलून बघायची आणि बिघडली तर आपली आपण नीट करायची, ही खोड या मातीत आहे. शिवाजी उद्यमनगरातून हिंडताना आजही ती जाणवते.

माझ्या मामांची राधानगरीला एक मोटार होती. १९३० च्या आसपासची, लहानशी, पंप नसलेली. मामा गेले, गाडी गोठ्यात राहिली. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने ती पुन्हा चालती करायचे मनावर घेतले. इंजिन सुरू झाले, पण दाजीपूरच्या अर्ध्या वाटेवरच गाडी उकळली आणि रस्त्यावर पिवळे पाणी सांडले. ते पिवळे पाणी म्हणजे हळद! कधीकाळी जाळी गळत असताना कोणा ड्रायव्हराने तिच्यात मूठभर हळद टाकली होती. हा उपाय आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. हळद फुगून बारीक भोक बुजवते आणि गाडी घरापर्यंत येते. पण तीच हळद पुढे चांगल्या वाटाही बुजवते. घरगुती औषध घरी पोचेपर्यंतच घ्यावे.

मामेभाऊ म्हणाला, "दादा, हे जुनं काढून टाकू. नव्या गाडीचा अॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवतो, दोन दिवसांत काम होईल." माझे आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले, जुने काढून टाकू म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. पण पोटातला गोळा हे काही यंत्रशास्त्र नव्हे. म्हणून आम्ही ती जाळी घेऊन कोल्हापुरात एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांचे वडील गावोगाव हिंडून कल्हई करीत. चाचांनी जाळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, बदलायचं काय, कवाबी बदलता येतंय. पर आधी बघूया तरी कुठं दुखतंय त्ये."

मग जे झाले ते पाहण्यासारखे होते. चाचांनी प्रथम जाळी उलटी करून खालच्या तोंडातून पाणी सोडले. ज्या वाटेने गाळ येऊन बसला त्याच्या उलट वाटेनेच तो निघतो. हळदीचा, गंजाचा आणि विहिरीच्या जड पाण्याच्या खारपुटीचा राळ बाहेर पडला. मग धुण्याच्या सोड्याचे ऊन पाणी भरून रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळी तोंडे रबराने बंद करून जाळी हौदात बुडवली आणि सायकलच्या पंपाने हळूच हवा भरली. जिथून बुडबुडे आले तिथे खूण. जोर लावून हवा भरली नाही, कारण या जुन्या जाळ्या उघड्या टोपणाच्या असतात, त्यांना दाब सोसत नाही. नव्या गाड्यांचे दाबाचे टोपण पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते खरे, पण तेच जुन्या जाळीवर बसवले तर तिच्या शिवणी उसवतात.

डाग देण्यातली गोम चाचांनी मला समजावली. तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सियस लागतात. पण कथील-शिशाचा चांगला डाग १८३ अंशांच्या आसपासच पाझरू लागतो. म्हणून तांब्याला भीती नाही. भीती असते ती शेजारच्या जुन्या डागाला. एक भोक बुजवताना ज्योत जरा जास्त वेळ रेंगाळली की बाजूचे चार सांधे सुटतात. चाचांनी शेजारच्या सांध्यांवर ओली चिंधी ठेवली, जागा घासून लख्ख केली, नवसागर लावला आणि एका श्वासात डाग दिला. असे नऊ डाग दिले. दहाव्या जागी ते थांबले. मधल्या पट्ट्यातले तांबे कागदासारखे झिजले होते. "हितं आता डाग धरत न्हाई. तांबं ऱ्हायलंच न्हाई तर धरंल कशाला?"

तेव्हा मामेभाऊ पुन्हा अॅल्युमिनियमवर आला. चाचांनी त्याला झिडकारले नाही, हिशेब सांगितला. नव्या जाळीच्या नळ्या अरुंद असतात, कारण त्यांतून पाणी ढकलायला नव्या गाडीत पंप असतो. ज्या गाडीत पाणी केवळ आपल्या ऊनगारपणाने फिरते, तिच्यात अशी अरुंद वाट घातली तर पाणी फिरणारच नाही. शिवाय तांबे, पितळ आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात नांदवायचे म्हणजे अॅल्युमिनियमला कीड लावून घ्यायची. मधली वाट त्यांनीच काढली. वरची टाकी, खालची टाकी, बाहेरचा पितळी चेहरा जुनाच ठेवायचा आणि आतली जाळी तेवढी तांब्याची नवी विणायची. वाटा रुंद ठेवायच्या. काम तीन आठवडे चालले. शेवटी जाळी पाण्याने भरून खालचे तोंड एकदम उघडले. सगळे पाणी भसकन उतरले, तेव्हा चाचा हसले. पुढच्या महिन्यात गाडी दाजीपूरला गेली आणि परत आली. पाणी ओढ्याचे नव्हे, पावसाचे साठवलेले घातले होते, कारण त्यात खार नसतो.

हे सविस्तर सांगायचे कारण असे की, जुन्या मोटारीच्या बाबतीत दुरुस्ती की बदल हा प्रश्न हौसेचा समजला जातो, आणि मला तो इतिहासाचा वाटतो. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला आणि ५० वर्षांहून जुन्या, सांगाड्यात, शरीरात व इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खाजगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. चांगले झाले. गाडीला कागद मिळाला. पण तिची जाळी विणणाऱ्या हाताची नोंद कोणत्या कागदावर? आज नव्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे आणि त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. ते हलके आहेत, स्वस्त आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ते फुटले की फेकायचे असतात. त्यामुळे डाग देणाऱ्याकडे काम येत नाही, काम येत नाही म्हणून त्याचा मुलगा ती विद्या शिकत नाही. बंब गेले, कल्हई गेली. त्याच वाटेने ही तांब्याची जाळीही चालली आहे.

वस्तू संग्रहालयात ठेवता येते, हातातली विद्या ठेवता येत नाही. ती फक्त वापरून टिकते. एखाद्याने जुनी जाळी दुरुस्तीला दिली म्हणजे केवळ आपली गाडी वाचवली असे होत नाही. एका मिस्त्रीच्या दुकानाची शेगडी आणखी महिनाभर पेटती ठेवली, असेही होते. चाचांच्या दुकानात आता त्यांचा नातू बसतो. बहुतेक वेळ तो नव्या गाड्यांचे तयार रेडिएटर विकतो. पण भिंतीवर आजोबांची ब्लोलॅम्प टांगलेली आहे आणि नवसागराचा डबा रिकामा झालेला नाही, हे मी स्वतः उघडून पाहिले आहे. कोणाच्या गोठ्यात, माळ्यावर एखादी गळकी तांब्याची जाळी, किंवा नुसता आजोळचा बंबसुद्धा पडला असेल, तर या दिवाळीच्या सुटीत तो खाली काढावा, घासावा आणि मोडीत घालण्यापूर्वी अशा एखाद्या दुकानाची पायरी चढावी. तिथे पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. कुठे दुखते आहे, ते आधी बघायला सांगावे.